आर्णीच्या घरातल्या सिस्टर

शशिकला सिस्टरांकडे कोणी कसल्याही कामाला आलं, तरी त्याला आधी पाणी प्यावं लागायचं. बोलणं मागून. "पयले पानी प्या, मंग सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. एकदा माझी एस.टी. सुटायला दहा मिनिटं होती, मी दारातूनच चार शब्द बोलून निघणार होतो, तर त्यांनी तांब्या पुढं केला आणि माझं पिऊन होईस्तोवर समोर उभ्या राहिल्या. दवाखान्यात येणारा माणूस घाबरलेला असतो, घाबरलेला माणूस भलतंच सांगतो, आणि पाणी पोटात गेलं की खरं बोलू लागतो, असा त्यांचा अनुभव होता. माझ्या बाबतीत तो खोटा ठरला. मी त्यांच्याकडचं पाणी दोन वर्षं प्यायलो आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्याशी खोटं बोललो.

मी त्यांचा घरमालक होतो. जन्मात पहिल्यांदाच घरमालक झालो होतो, आणि तेही ज्या घरात लहानाचा मोठा झालो त्या घराचा. माझी नोकरी यवतमाळला, सरकारी कचेरीत. आर्णीचं घर वडिलांनी पोस्टातून निवृत्त झाल्यावर पुरं केलेलं. तीन खोल्या, मागं अंगण, वर गच्ची. रस्त्याकडची खोली माझ्या धाकट्या भावानं, दिनूनं, दुकानासाठी घेतली आणि तिला शटर बसवलं. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. तो, त्याची बायको, लहान मुलगी आणि आई असे चौघं त्या घरात राहायचे.

दिनूचं दुकान चालायचं ते त्याच्या डोळ्यांवर. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक सकाळीच यायचे, खिशात नाहीतर टोपीत कपाशीचं रोगट पान घेऊन. दिनू ते पान उजेडात धरायचा, उलटं करायचा, पाठीवरून नख फिरवायचा आणि काय झालं ते सांगायचा. औषध लागत नसेल तर "काई नको मारू, आपोआप जाते," असं म्हणून माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवायचा. त्यामुळं त्याच्या शब्दाला वजन होतं. कापसाच्या त्या वाईट वर्षांतलं एक वर्ष असं आलं, की त्यानं स्वतः खात्री देऊन विकलेलं बियाणं गेलं. ऐन बोंडं धरायच्या वेळेला पानं लाल पडली आणि झाडं उभ्या उभ्या वाळली. लोक भांडायला आले असते तर बरं झालं असतं. कोणी भांडलं नाही. लोक नेहमीसारखे आले, लाल पान काउंटरवर ठेवलं आणि न बोलता उभे राहिले. रोज नवी माणसं, रोज तीच पानं. दिवाळीनंतर एका सकाळी दिनूनं शटर उघडलं नाही. तो मागच्या खोलीत सापडला. मला याहून जास्त लिहिता येत नाही.

त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी पुसदला गेली, आईला मी यवतमाळला आणलं, आणि घराला कुलूप लागलं. दीड वर्षानं मी दारावर 'घर भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावली. आर्णी केवढी, आणि लोकांना ठाऊक काय नव्हतं? येणारे दारातूनच विचारायचे, "हे तेच घर ना?" बाहेरगावचे एक मास्तर मात्र खूश झाले, अंगण पाहिलं, गच्ची पाहिली, उद्या सामान आणतो म्हणाले आणि हात धुवायला नळावर गेले. तिथं शेजारच्या कुंदाकाकू होत्या. मास्तर परत आले ते थेट पायांत चपला घालूनच. कुंदाकाकूंना मी जाब विचारला तर त्या म्हणाल्या, "मी काहून सांगू? त्यायनंच विचारलं, मालक कुठं असतात म्हणून. मंग मी तोंड शिवून बसू का?" कुंदाकाकूंचं आणि आमचं घर एका भिंतीचं. आमच्या घरातली फोडणी त्यांना आमच्याआधी कळायची.

आणि मग सिस्टर आल्या. सरकारी दवाखान्यात बदली होऊन राळेगावकडून आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, उंच, हाडं मोठी, केसांचा घट्ट अंबाडा, एकट्या. क्वार्टरचं छत पडायला झालं होतं म्हणून बाहेर घर शोधत होत्या, आणि बऱ्याच दिवसांपासून शोधत होत्या हे त्यांच्या चपलांवरून दिसत होतं. त्यांनी घर पाहताना तीनच गोष्टी विचारल्या. नळ किती दिवसाआड येतो, मागच्या दाराची कडी आतून नीट बसते का, आणि स्वयंपाकघरात ऊन कोणत्या वेळेला येतं. आधी कोण राहत होतं, घर इतके दिवस रिकामं का, यातलं एक अक्षर नाही.

मीही त्यांना आडनाव विचारलं नाही. आमच्या भागात घर दाखवण्याआधी आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव विचारतात, गावावरूनही नाही झाला तर "खाण्यापिण्याचं कसं?" असं हसत हसत विचारतात. मी यातलं काही केलं नाही, आणि यवतमाळला येऊन बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की मी असलं काही मानत नाही. खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, उत्तर मिळालं असतं तर आईला सांगावं लागलं असतं, आणि घर तर दुसरं कोणी घेत नव्हतं.

त्यांनी काही विचारलं नाही, तरी मला गप्प बसवेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. किल्ली हातात देताना मी आपणहून म्हणालो, "माझा धाकटा भाऊ राहायचा इथं. पुण्याला गेला. नोकरी लागली त्याला."

सिस्टरांनी किल्ली घेतली. "बरं," म्हणाल्या. आणि मग, "घामाघूम झाले तुमी. पयले पानी प्या." तांब्या त्यांच्या पिशवीत होता, भांडं होतं, रिकाम्या घरात उभं राहून मी पाणी प्यायलो.

पहिल्यांदा घरमालक झालेला माणूस किती हास्यास्पद वागतो, ते मला विचारा. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आर्णीला जायचो. भाडं हे निमित्त. मला घर पाहायचं असायचं. आपल्याच दाराची कडी वाजवून उभं राहायचं आणि आतून परकी बाई "कोन हाय?" म्हणते हे ऐकायचं, याची सवय होता होता वर्ष गेलं. आत गेलो की हात न बघता दारामागच्या बटणावर जायचा. कुठं खिळा ठोकला, कुठं पोपडा निघाला, याची नजर आपोआप मोजदाद करायची. एकदा मी भिंतीवरच्या नव्या खिळ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असेन. सिस्टर म्हणाल्या, "दुखलं का मालक? मले सांगतलं असतं तर भूल देऊन ठोकला असता."

त्या मला 'मालक' म्हणायच्या, आणि त्यात आदर किती नि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. घराच्या तक्रारी त्या रोग्याची माहिती द्यावी तशा द्यायच्या. गच्ची गळायला लागली की "मालक, घराले सर्दी झाली." मोरी तुंबली की "पोट साफ नाई झालं दोन दिवसापासून." मागच्या भिंतीला ओल आली तेव्हा त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "कनकन हाय आंगात. आनखी दुर्लक्ष कराल तर निमोनियावर जाईन." आणि बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची त्यांना खोड होती. आधी मला वाटायचं माया आहे, मग लक्षात आलं, दोन बोटं नाडीवर असतात. चहाला आलेल्या माणसाचीही त्या नाडी मोजायच्या, आणि मध्येच, "मालक, तुमी झोपत नाई वाटते," असं काहीतरी म्हणून माणसाचं बोलणं बंद करायच्या.

मी खरंच झोपत नव्हतो. दिनू गेल्यावर मला फार दिवस एकच गोष्ट दिसायची. त्या वर्षी दसऱ्याला मी आर्णीला गेलो होतो. काउंटरवर लाल पानांचा ढीग होता आणि दिनू म्हणाला होता, "दादा, दोन दिवस राह्य ना." मला कचेरीत काम होतं. मी राहिलो नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी गेलो तर स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात पांढरी बुद्धमूर्ती होती. पुढं एक पणती, मोगऱ्याची चार फुलं. त्या कोनाड्यात आईचे देव असायचे. आडनाव न विचारल्याचा मला जो अभिमान होता, तो तिथं उघडा पडला. माझं पाऊल दारातच थांबलं, आणि ते दिसलं असणार. सिस्टर पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "देव तुमी घेऊन गेले, कोनाडा ठेवून गेले. रिकामा कोनाडा घरात बरा दिसते का?" मी म्हणालो, "नाही नाही, छान आहे." त्या म्हणाल्या, "छान हाय तर बसा, जेवून जा." मी जेवून गेलो. आईला मात्र मी त्या कोनाड्याविषयी सांगितलं नाही.

सिस्टरांच्या तिथल्या राहण्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे पानं. दिनू गेल्याचं आर्णीत सगळ्यांना माहीत होतं, पण आडबाजूच्या वस्त्यांवर, तांड्यांवर बातमी पोचलीच असेल असं नाही. वर्षाकाठी एकदा-दोनदाच तालुक्याला येणारी माणसं. ती पान घेऊन यायची, शटर बंद दिसलं की बाजूचं दार वाजवायची. मी एका रविवारी तिथंच बसलो होतो, तेव्हा एक म्हातारा आला. हातात कपाशीचं अख्खं झाड, मुळासकट, माती लागलेलं.

"दिनूभाऊ हायत का?"

सिस्टरांनी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला. सिस्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाल्या, "ते पुन्याले असतात आता."

"असं? केव्हा येनार?"

"ते काई सांगतलं नाई. झाड ठेवून जा तुमी. मी विचारून सांगीन."

म्हातारा उठला. जाताना माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. दिनूचं नि माझं कपाळ सारखं. "तुमी त्याचे मोठे भाऊ काय?" म्हणाला. "त्यायले सांगा, मी येऊन गेलतो. नाव सांगाची गरज नाई, झाड सांगा, झाडावरून ओयखते ते." मी मान हलवली. सिस्टर आत जाऊन पुन्हा तांब्या भरून घेऊन आल्या आणि माझ्यापुढं ठेवला.

मला वाटलं, बिचारी बाई माझ्या थापेवर विश्वास ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच सांगते आहे. त्या दिवसापासून मला तिथं बसणं जड जायला लागलं. आपण सोयीसाठी एक वाक्य बोललो आणि दिनू पुण्यात राहायला लागला. सिस्टरांच्या तोंडून तो खेडोपाडी पुण्याला गेला होता. कोणीतरी म्हणालं असेल, बरं झालं, सुटला. मला रात्रंदिवस वाटायचं, की मी त्याला परत एकदा घराबाहेर काढलं आहे.

आणि त्या पानांचं सिस्टर काय करायच्या? ओल्या फडक्यात गुंडाळून एका डब्यात ठेवायच्या. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात खेड्यावरचे कृषी सहायक गोळ्या घ्यायला यायचे, त्यांना गोळ्या देण्याआधी पानं दाखवायच्या. ते सांगतील ते कागदावर उतरवून घ्यायच्या, आणि लसीकरणाला ज्या गावी जायचं त्या गावची चिठ्ठी बरोबर न्यायच्या. पोरांना लस, बापाला चिठ्ठी. पुढं पुढं त्यांना स्वतःलाच कळायला लागलं. उजेडात पान धरून "याले काई नाई झालं, पानी जास्त झालं," असं म्हणताना मी त्यांना ऐकलं आहे. दिनूच्या दुकानाचं शटर बंदच होतं, पण ओसरीवर सकाळची माणसं बसू लागली होती. कुंदाकाकू एकदा मला म्हणाल्या, "तुमचं घर पुन्हा बोलाले लागलं."

पितृपक्ष आला तेव्हा आईनं हट्ट धरला. दिनूचं पान यवतमाळला ठेवायचं नाही, आर्णीलाच, आपल्या गच्चीवर ठेवायचं. "तो तिथला. इथं त्याला कोण ओळखते?" म्हणाली. ती स्वतः यायला तयार नव्हती. त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाही असं तिनं दिनूच्या तेराव्यालाच सांगितलं होतं. बायकोनं वडे, खीर, कढी, गवारीची भाजी डब्यात भरून दिली आणि मी पहाटेची गाडी धरली. वाटेत लक्षात आलं, की सिस्टरांच्या हिशोबी दिनू पुण्यात आहे. मग काय, आणखी एक थाप. दारात म्हणालो, "वडिलांचं पान ठेवायचं होतं. आमच्या आईची इच्छा."

"ठेवा ना. घर तुमचंच हाय." त्यांनी गच्ची झाडून दिली.

तो दिवस चतुर्दशीचा होता. वडील म्हातारपणी, अंथरुणावर, सगळ्यांचा निरोप घेऊन गेले होते, आणि तेही पंचमीला. चतुर्दशीला पान ठेवतात ते अवेळी, अपघाती गेलेल्यांचं. गावातल्या कोणत्याही बाईला हे माहीत असतं. मला मात्र थाप मारताना सुचलं नाही.

पान ठेवून मी बाजूला बसलो. कावळा येईना. समोरच्या कडुनिंबावर दोन-तीन बसले होते, पण पानाकडे बघतही नव्हते. ऊन चढत चाललं. अशा वेळी गेलेल्या माणसाला काहीतरी कबूल करायचं असतं; त्याची राहिलेली काळजी मिटली, की कावळा शिवतो. मी मनातल्या मनात कबूल करत गेलो. तुझ्या मुलीला शिकवीन. आईला अंतर देणार नाही. तुझ्या बायकोला कधी काही कमी पडू देणार नाही. कावळा जागचा हलला नाही. मी रडकुंडीला आलो होतो. इतक्यात सिस्टर जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. वर आल्या नाहीत, पायरीवरूनच म्हणाल्या, "आमच्यात हे करत नाईत मालक. पन मी पाह्यलं हाय लोकाईचं. ज्याच्यासाठी आनलं, त्याचंच नाव घ्या. दुसऱ्याच्या नावावर कावया येत नाई."

मला वाटलं, वडिलांचं पूर्ण नाव घ्या म्हणतात. पण त्या खाली गेल्या आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "दिनू." तो गेल्यापासून मी ते नाव मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. "दिनू, मी थांबायला पाहिजे होतं रे." पुढचं मला धड आठवत नाही. मी गुडघ्यांत तोंड घालून रडत होतो, आणि डोकं वर केलं तेव्हा पानावरचा वडा नव्हता.

खाली आलो तर सिस्टरांनी काही विचारलं नाही. पाणी दिलं, मनगट धरलं, आणि या वेळी बराच वेळ सोडलं नाही. त्या रात्री यवतमाळला मी झोपलो. सकाळी बायकोनं उठवलं तेव्हा कचेरीची वेळ झाली होती.

हे असं असूनही पुढचं मी केलं. त्याचं समर्थन मला करायचं नाही.

दोन वर्षं एक बाई एकटी त्या घरात राहिली, तिला काही झालं नाही, उलट ओसरीवर माणसांची वर्दळ वाढली. यामुळं घराचं नाव सुधारलं. जे लोक "तेच घर ना?" विचारत होते, ते आता "घर द्यायचं आहे का?" विचारू लागले. बायकोचा मावसभाऊ बँकेत बदली होऊन आर्णीला आला. बायको-पोरं, आईवडील असं भरलं कुटुंब. त्यानं कुंदाकाकूंकडे चौकशी केली, आणि कुंदाकाकू यवतमाळला लग्नाला आल्या तेव्हा आमच्या घरी येऊन आईसमोर बोलल्या. "आता काई नाई राह्यलं त्या घरात. चोख झालं. पन वहिनी, तुमच्या देवाच्या कोनाड्यात पाहा एकदा कोन बसलं हाय ते."

तिसऱ्या दिवशी आई देवापुढं बसल्या बसल्याच म्हणाली, "घर राहतं झालं ना? मग आता आपली माणसं ठेव."

ज्या बाईनं ते राहतं केलं तिचं काय, असं मी विचारायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "बघतो." बायको म्हणाली, "मी त्यांना हो म्हणून बसले आहे." मी पुन्हा म्हणालो, "बघतो." माझ्यासारख्या माणसाचा 'बघतो' म्हणजे होकारच असतो, फक्त तो दुसऱ्याच्या नावावर टाकलेला असतो.

पुढच्या रविवारी आर्णीला गेलो. एस.टी.त बसून वाक्यं जुळवत होतो. आईची तब्येत, घराची दुरुस्ती, काय काय. सिस्टरांनी पाणी दिलं. मी प्यायलो. भांडं खाली ठेवलं आणि म्हणालो, "सिस्टर, घर लागणार आहे आम्हाला. दिनू परत येतोय."

का म्हणालो असेन? ती थाप तयार होती, इतकंच. दोन वर्षं वापरात असलेली, अडचणीला उपयोगी पडणारी. मीच पाठवलेला भाऊ मीच परत आणला.

सिस्टरांची बोटं माझ्या मनगटावर होती. ती तशीच राहिली. "केव्हा येनार?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"बरं," म्हणाल्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या त्याच आवाजात. मग हात सोडून चहा ठेवायला उठल्या.

महिनाभरात त्यांनी घर शोधलं. म्हणजे शोधत होत्या. कुंदाकाकूंकडून कळायचं: इथं गेल्या, तिथं गेल्या, इथं आडनाव विचारलं, तिथं एकट्या का म्हणून विचारलं. मी चौकशी केली नाही. ज्या दिवशी मावसभावाचं सामान यायचं होतं, त्या दिवशी मी किल्ली घ्यायला गेलो. दारात तीनचाकी टेम्पो उभा होता. एक लोखंडी पलंग, गॅस, दोन ट्रंका, लसीकरणाची निळी पेटी. दोन वर्षांचं घर अर्ध्या टेम्पोतही भरलं नव्हतं. घर आतून स्वच्छ सारवून ठेवावं तसं दिसत होतं. भिंतीतले खिळे काढून भोकं चुन्यानं बुजवलेली होती. कोनाडा धुतलेला होता.

सिस्टरांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी विचारलं, "घर मिळालं का?"

"भेटन."

मग जरा थांबून म्हणाल्या, "एक बोलू का मालक? दिनूभाऊचं मले कुंदाताईनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं, नळावर. मी किल्ली घ्याच्या आधी. तुमी मले आडनाव नाई पुसलं, म्हनून मीबी घराले काई नाई पुसलं. मले वाटलं, दोघाईलेबी घराची गरज हाय, होऊन जाईन."

मी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"लोकाईले मी ते पुन्याले गेले म्हनून सांगतलं, ते तुमी समोर होते म्हनून. तुमी नसले का मी खरंच सांगत होती. पानी पाजून. त्यायले कयाले पाहिजे ना, त्यायचा मानूस होता तो. तो म्हातारा आठवते, झाडवाला? तो नंतर परत आलता. ओसरीवर बसून रडला लय वेळ. दिनूभाऊचा काई दोष नोता म्हने, कोनीतरी त्याले तसं सांगाले पाहिजे होतं." त्यांनी पदर खोचला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "बाकी काई नाई. पन भाऊले परत आनाचं काम नोतं, मालक. तुमी नुसतं 'जा' म्हनले असते, तरी मी गेली असती. त्याले कायले बोलावलं?"

त्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या. टॉवेलमध्ये गुंडाळलेली मूर्ती मांडीवर. टेम्पो निघाला.

आमच्या घरापासून रस्ता सरळ जातो आणि पिंपळाशी फुटतो. डावीकडे बसस्टँड आणि दवाखाना, उजवीकडे गावाबाहेर पडणारा दिग्रसचा रस्ता. टेम्पो फाट्यावर जाऊन थांबला. ड्रायव्हरनं मान वळवून काहीतरी विचारलेलं मला ओट्यावरून दिसलं. कुठं घ्यायचं, हेच विचारलं असणार. सिस्टर काही बोलल्याचं दिसलं नाही. त्यांचा हात खिडकीच्या बाहेर, टपाच्या पत्र्यावर होता. इंजिन चालू होतं. मागून एक बैलगाडी आली, तिनं वळसा घातला. दोन सायकली गेल्या. टेम्पो उभाच.

किल्ली माझ्या हातात होती. मावसभावाचं सामान यायला अजून अवकाश होता. ओट्यावरून फाटा तीस-चाळीस पावलं. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग खिडकीतला हात आत गेला आणि टेम्पो उजवीकडे वळला.